कोवळ्या वयांतील मातृत्व

कल्याणच्या आनंदीबाई जोशी ह्यांचें नांव आमच्या वाचकांच्या परिचयाचें आहे. त्या अमेरिकेंत जाऊन १८८६ सालीं डॉक्टर झाल्या, हें सर्वांस स्मरतें. परंतु त्यांचें लग्न नवव्या वर्षीं झालें, चौदाव्या वर्षीं त्यांस मूल झालें व तें दहा दिवसांतच दगावलें, हें फारसें कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं. त्या काळीं अशा बाळंतपणांत नवल वाटण्यासारखें कांहींच नव्हतें. आपल्या देशांत ही स्थिति कशी व कितपत पालटली, हें आज पाहूं.

आरंभीं भिस्त कायद्यावर होती. १८९१ सालीं संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली, तेव्हां पुण्यामुंबईंत केवढें वादळ उठलें! १९२९ च्या सारडा कायद्यानें मुलीच्या लग्नाचें किमान वय चौदा ठरविलें. तो अमलांत यावयाचा होता १९३० च्या एप्रिलांत. मधल्या महिन्यांत लोकांनीं पोरांचीं लग्नें उरकण्याची अशी घाई केली कीं, १९३१ च्या खानेसुमारींत बालवधूंची संख्या वाढलेलीच आढळली. पुढें ही मर्यादा १९४९ सालीं पंधरा व १९७८ सालीं अठरा झाली. तरीही २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ४७ जणींचें लग्न अठराच्या आंत झालेलें होतें, आणि पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकीं शेंकडा १६ माता झालेल्या अथवा गरोदर होत्या.

त्यानंतर मात्र उतार लागला. २०१५-१६ च्या पाहणींत हे सोळा आठांवर आले. २००६ सालीं कायदा अधिक कडक झाला हें खरें, पण आमच्या मतें मोठें काम शाळेनें केलें. २०१९-२१ च्या पाहणींत शाळेचें तोंड न पाहिलेल्या मुलींत हें प्रमाण शेंकडा १८, तर बारावीपर्यंत पोंचलेल्यांत अवघें ४ दिसलें. शिकणारी मुलगी बहुधा खात्यापित्या घरची असते, म्हणून सगळें श्रेय शाळेस देतां येणार नाहीं. परंतु मुलगी वर्गांत बसते आहे तोंवर तिच्या लग्नाची गोष्ट काढावयास घरचेही कचरतात, हें खेड्यांतील वाचकांस सांगावयास नको.

आतां हा उतार मंदावला आहे. त्याच पाहणींत देशाचा आंकडा ६.८ वर आला, एवढेंच. आणि आपल्या महाराष्ट्राचा ७.६, म्हणजे देशाहून अधिक! बीड जिल्ह्यांत तर शंभरांत चाळिसांहून अधिक मुलींचीं लग्नें अठराच्या आंत झालेलीं आढळलीं. ह्याचें कारण केवळ अज्ञान म्हणणें अन्यायाचें होईल. दिवाळीच्या सुमारास आईबाप ऊसतोडीस निघतात आणि पांच-सहा महिने परत येत नाहींत. वयांत आलेल्या मुलीस एकटी कोणाच्या भरंवशावर ठेवावी? शिवाय मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. लग्न लागलें कीं नवा कोयता उभा राहतो. मुलीची चिंता व पोटाची चिंता एकाच मांडवाखालीं मिटते.

किंमत चुकवावी लागते ती त्या मुलीस. सोळा वर्षांच्या देहाची स्वतःचीच वाढ पुरी झालेली नसते. अंगांत रक्त थोडें. बाळंतपणांत झटके येणें, मागाहून जंतूंची बाधा होणें, मूल दिवसांपूर्वीं अथवा कमी वजनाचें जन्मणें, हे धोके ह्या वयांत अधिक. त्यांतून वय उघडकीस आलें तर खटला होईल ह्या भयानें पुष्कळ घरें दवाखान्याची पायरी चढावयास भितात, आणि जिला उपचाराची गरज सर्वांत मोठी तीच उपचारावांचून राहते.

मागें राहणाऱ्या मुलांसाठीं सरकारनें हंगामी वसतिगृहें काढलीं आहेत. पण मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरताच आहे. पंधरावें वर्ष लागतें तेव्हां तो हक्क संपतो, आणि नेमकें त्याच वर्षीं तिच्यासाठीं स्थळें येऊं लागतात.