पांडा, महाबुद्ध आणि कान्हेरीची अभ्याससहल

सहलीचा विषय निघाला की हल्ली आपल्या विद्यार्थ्यांच्या तोंडी दूरदूरची नावे येतात. प्रवासी कंपन्यांच्या रंगीत पत्रकांत चीनमधील एक सहल हमखास असते. सकाळी चेंगदू शहराजवळ पांडा पाहायचे, दुपारी लेशान येथील महाबुद्ध पाहायचा आणि रात्री मुक्कामाला परत यायचे. सोबत वाटाड्या, गाडी आणि जेवण असते. मुलांना हे चित्र भुरळ घालते यात नवल नाही. एका दिवसात दुर्मिळ प्राणी आणि प्रचंड बुद्धमूर्ती हा योग कोणालाही हवासा वाटेल.

परंतु तळोज्यातील कामगाराच्या घरातून चीनची वारी करणे किती जणांना परवडेल? आणि न परवडल्याने आपले खरोखर काय अडणार आहे? लेशान आणि कान्हेरी ही दोन्ही स्थळे शेजारी मांडून हा प्रश्न तपासावा, हा या लेखाचा हेतू आहे. संस्थेच्या विद्यार्थ्यांना एका दिवसात प्राणी आणि भव्य बुद्धमूर्ती दोन्ही दाखवता येतील असे स्थान आपल्यापासून बसने दोन-अडीच तासांवर आहे.

प्रथम चीनची सहल समजून घेऊ. लेशानची मूर्ती मैत्रेय बुद्धाची, बैठी, डोंगराच्या तांबड्या कड्यात कोरलेली असून तिची उंची ७१ मीटर आहे. मिन, दादू व चिंगयी या तीन नद्या तिच्या पायाशी मिळतात. तेथे होड्या उलटत, माणसे बुडत. म्हणून हायतोंग नावाच्या भिक्खूने इ. स. ७१३ मध्ये हे काम आरंभिले. ते त्याच्या हयातीत पुरे झाले नाही. मध्यंतरी पैशाअभावी थांबले, आणि पुढे त्या प्रांताच्या अधिकाऱ्याने राजाश्रय देऊन ते इ. स. ८०३ मध्ये तडीस नेले. म्हणजे नव्वद वर्षे. मूर्तीच्या केशरचनेत आणि कानांमागे पावसाचे पाणी वाहून नेणारे पाट लपवलेले आहेत. त्यांमुळेच ती इतकी शतके टिकली. मूर्तीच्या भव्यतेपेक्षा हे पाट मला अधिक शिकण्यासारखे वाटतात.

पांड्याविषयीही दोन शब्द. तो अस्वलाच्या कुळातला, पण आहार जवळजवळ सर्वस्वी बांबूचा. बांबूत कस कमी, म्हणून त्याचा दिवसाचा बहुतांश वेळ खाण्यात जातो आणि उन्हे तापली की तो झोपतो. प्रवासी कंपन्या पांडा सकाळीच दाखवतात त्याचे कारण हे. जंगले तुटली तसा तो नष्ट होण्याच्या वाटेवर गेला. चेंगदूचे संवर्धन केंद्र १९८७ मध्ये सुरू झाले. जंगल राखण्याच्या प्रयत्नांना यश येऊन २०१६ मध्ये जागतिक यादीत त्याची श्रेणी 'संकटग्रस्त' वरून एक पायरी खाली 'असुरक्षित' अशी करण्यात आली.

आता आपल्याकडे वळू.

तळोज्याहून पनवेल-मुंब्रा रस्त्याने निघावे. कल्याण फाटा, शिळफाटा, मुंब्रा, ठाणे आणि पुढे घोडबंदर रस्त्याने बोरिवली. या वाटेने आपण संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला जवळजवळ अर्धा वळसा घालतो. डाव्या हाताचे डोंगर तेच. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे जंगल मुंबई व ठाणे या दोन शहरांच्या मधोमध उभे आहे. त्यात विहार (१८६०) व तुळशी (१८७९) ही मुंबईला पाणी देणारी तळी आहेत, आणि त्याच्या अंतर्भागात कान्हेरीची लेणी आहेत. प्रवेशद्वारापासून लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटर जावे लागते.

प्राण्यांच्या बाबतीत मुलांना एक फरक आधीच समजावून सांगावा. सफारीच्या गाडीतून दिसणारे सिंह व वाघ कुंपणातले, पाळलेले आहेत. सिंह तर सह्याद्रीचा रहिवासीच नव्हे. या जंगलाचा खरा मालक बिबट्या. अलीकडच्या गणनांत येथे व भोवतालच्या परिसरात पन्नासच्या आसपास बिबटे आढळले आहेत. दोन महानगरांच्या मध्ये इतके बिबटे जगात दुसरीकडे क्वचितच असतील. तो आपणांस दिसणार नाही, पण आपण त्याला दिसत असू. चितळ, सांबर, वानर, माकडे मात्र दिसतात. लेण्यांजवळची माकडे खाऊच्या पिशव्या हिसकावतात, तेव्हा डबे बसमध्येच ठेवावेत. माकडांना खायला घालणे म्हणजे प्राणिमात्रांवर करुणा, असे काही उपासिका समजतात. त्यांना नम्रपणे सांगावे की त्यामुळे माकड जंगलातले अन्न शोधणे सोडते आणि शेवटी काठीचा मार खाते.

सकाळी लेणी आणि दुपारी प्राणी, असा क्रम ठेवावा. चीनमध्ये उलट करतात, पण आपल्याकडे काळा दगड अकरानंतर तापतो, आणि मुलांचे लक्षही सकाळीच शाबूत असते. एकदा सिंह पाहून झाला की ब्राह्मी अक्षराकडे कोण पाहणार?

कान्हेरीचे जुने नाव शिलालेखांत 'कण्हसेल' असे येते. कण्ह म्हणजे काळा आणि सेल म्हणजे शैल. संस्कृतात त्याचे कृष्णगिरी झाले. या नावावरून कोणी श्रीकृष्णाचा संबंध जोडतो, तर कोणी ही लेणी पांडवांनी एका रात्रीत खोदली असे सांगतो. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांनाही 'पांडवलेणी' हेच नाव चिकटले आहे. पांडा नाही तरी पांडव सगळीकडे आहेत! हा विनोद सोडला तरी प्रश्न गंभीर आहे. ज्यांनी खोदले त्यांची नावे, गावे आणि धंदे भिंतीवर कोरलेले असताना श्रेय मात्र भलत्यालाच जाते, कारण भिंत वाचता येणारे आपल्यात फार थोडे आहेत. सहलीचा वाटाड्या पांडवांची कथा सांगू लागला तर भांडू नये. त्याला लेखापाशी नेऊन उभे करावे.

येथे शंभरावर लेणी आहेत. इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास सुरू झालेला हा वसाहतीसारखा विहार हजार वर्षांहून अधिक काळ नांदता होता. कोरीव लेख शंभराच्या घरात आहेत. पंडित भगवानलाल इंद्रजी, बर्जेस, ब्यूलर यांनी ते वाचले. डॉ. शोभना गोखले यांचा कान्हेरीच्या लेखांवरील ग्रंथ १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्व लेणी एका दिवसात पाहण्याचा हट्ट धरू नये. पाच-सहा नीट पाहावीत.

लेणे क्रमांक ३ हे चैत्यगृह. लांबी सुमारे २६ मीटर, आत ३४ खांबांची रांग आणि टोकाला स्तूप. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या काळात, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात, गजसेन व गजमित्र या व्यापारी बंधूंनी ते करविले असे तेथील लेखावरून कळते. ओसरीत शिरताच दोन्ही टोकांना समोरासमोर उभ्या असलेल्या दोन बुद्धमूर्ती दिसतात. प्रत्येकीची उंची सुमारे सात मीटर. त्यांच्यापुढे उभे राहिले की आवाज आपोआप खाली येतो.

विद्यार्थी मित्रांनो, येथे थोडे गणित करा. लेशानच्या बुद्धाचा एक कान सात मीटर लांब आहे. म्हणजे आपला महाबुद्ध तिकडच्या बुद्धाच्या कानाएवढा! पण एवढ्यावर हिरमुसण्याचे कारण नाही. कान्हेरीच्या या मूर्ती पाचव्या-सहाव्या शतकातील आहेत. लेशानच्या कड्याला छिन्नी लागली त्याच्या दीड-दोनशे वर्षे आधी त्या घडल्या होत्या. शिवाय चैत्यगृह खोदले गेले तेव्हा त्या तेथे नव्हत्या. आरंभी पूजा स्तूपाची होत असे. तथागतांची मूर्ती नंतर आली. एकाच ओसरीत धम्माच्या इतिहासातील दोन काळ शेजारी उभे असलेले येथे पाहावयास मिळतात. मुलांना हे सांगितले नाही तर ती फक्त उंची मोजून परत येतील.

खरा फरक पैसा कोणाचा लागला यात आहे. लेशान पुरे झाले ते राज्याच्या अधिकाराने. कान्हेरीत राजांचे उल्लेख आहेत, परंतु दात्यांची मोठी यादी साध्या माणसांची आहे. व्यापारी आहेत, सोनार आहेत, गृहिणी आहेत, भिक्खू आणि भिक्खुणीही आहेत. ते कल्याण, सोपारा, नाशिक आणि चेमूल येथून आले. हे चेमूल म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यातील चौल. तेथील एका हेरणिकाने, म्हणजे सोनाराने अथवा सोन्याचा व्यवहार पाहणाऱ्याने, पाण्याची टाकी दिली. लेखात तिला 'पोढी' म्हटले आहे.

आणि एक लेख असा आहे की तळोज्याच्या वाचकाने त्यासाठीच कान्हेरीला जावे. कल्याणचा नंद नावाचा लोहार, लेखातील शब्द 'कमार', याने पायवाट दान केली. लेणे नव्हे, मूर्ती नव्हे, वाट. भट्टीपुढे घाम गाळणाऱ्या माणसाला डोंगर चढणाऱ्यांचे पाय आठवले. कल्याण आपल्यापासून वीसेक किलोमीटरवर आहे, आणि आपल्या वस्तीतील कितीतरी जण औद्योगिक वसाहतीत लोखंडाचेच काम करतात. अठराशे वर्षांपूर्वीच्या आपल्या या शेजाऱ्याचे नाव भिंतीवर आहे. आपल्या मुलांना लेशानची उंची ठाऊक असावी आणि हा लोहार ठाऊक नसावा, याची मला खंत वाटते.

दानाचा अर्थव्यवहारही पाहण्यासारखा आहे. 'अक्षयनीवी' म्हणजे मुद्दल न मोडता उत्पन्न वापरण्याची कायम ठेव. शेत दिले जाई अथवा रक्कम ठेवली जाई आणि त्यातून वर्षावासातील भिक्खूंच्या चीवराची सोय होई. एका लेखात मंगलठाण गावातील शेताचा उल्लेख आहे. ते गाव म्हणजे बोरिवलीचे आजचे मागाठाणे. आपल्या संस्थेच्या कार्यकारिणीने विद्यार्थी निधीसाठी हा नमुना अवश्य अभ्यासावा. वर्गणी गोळा होते आणि कार्यक्रमात संपते, हा अनुभव कोणाला नाही?

पाण्याची व्यवस्था चुकवू नका. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी टाके आहे, आणि डोंगरमाथ्यावर पाऊस गोळा करून खाली आणणाऱ्या चऱ्या खोदल्या आहेत. लेशानचे पाट पाणी मूर्तीपासून दूर नेण्यासाठी होते, येथले पाणी माणसाच्या ओंजळीपर्यंत आणण्यासाठी. उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची वाट पाहणाऱ्या वस्तीतील मुलांना हे चटकन कळते.

पुढे लेणे क्रमांक ११ मध्ये दोन लांब दगडी बाके आहेत. क्रमांक ४१ मधील अकरा मस्तकांचा अवलोकितेश्वर भारतातील लेण्यांत अन्यत्र आढळत नाही. क्रमांक ९० मध्ये अवलोकितेश्वराभोवती संकटांत सापडलेली माणसे कोरली आहेत. हत्ती, सिंह, सर्प, आग, चोर, जहाज बुडणे, बंदिवास अशी ती भये. यातील बंदिवासाचे भय तळोज्याच्या माणसाला समजावून सांगायला नको! दुपारी सफारीत जो सिंह गाडीच्या काचेआडून पाहायचा, तोच येथे सकाळी वाटसरूच्या अंगावर आलेला पाहून ठेवावा. त्या काळच्या व्यापाऱ्याला प्रवास म्हणजे काय वाटत असेल, ते या शिल्पाइतके कोणतेही पुस्तक सांगणार नाही.

याच लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत. इ. स. १००९ आणि १०२१ मध्ये येथे आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावे कोरून ठेवली. चलाख विद्यार्थी येथे विचारणारच, "गुरुजी, त्यांनी नाव कोरले तर इतिहास, आणि आम्ही कोरले तर गुन्हा, असे का?" प्रश्न टाळू नये. १९५८ च्या कायद्याने संरक्षित स्मारकाला इजा करणे हा शिक्षेस पात्र अपराध आहे, हे उत्तराचे एक अंग झाले. दुसरे असे की हजार वर्षांपूर्वी या डोंगरावर येणारे मोजके होते, आज सुटीच्या दिवशी हजारो येतात. प्रत्येकाने एक अक्षर कोरले तर नंद लोहाराचे अक्षर उरणार नाही.

ब्राह्मी लिपी पूर्ण शिकूनच जावे असे नाही. 'देयधम' हा शब्द कान्हेरीत पुन्हा पुन्हा येतो. अर्थ, धर्मार्थ दिलेले दान. त्यातील 'ध' दोरी लावलेल्या धनुष्यासारखा दिसतो. १८३७ च्या सुमारास प्रिन्सेपने सांचीच्या लेखांतील 'दानं' या शब्दावरूनच ब्राह्मीचे कुलूप उघडले. आपल्या मुलांनी 'देयधम' पासून आरंभ करावा. 'लेण' हा शब्दही लेखांत सापडेल. तो आपण आजही जवळजवळ तसाच बोलतो.

निघण्यापूर्वी काही व्यवहाराच्या गोष्टी. सोमवारी उद्यान बंद असते, म्हणून रविवारला जोडून सोमवार धरू नये. प्रत्येक वीस मुलांमागे एक जाणता माणूस असावा, आणि त्याने आठवडाभर आधी एकट्याने जाऊन लेणी पाहून यावीत. विजेरी, पाणी आणि घट्ट तळाची पादत्राणे हवीत. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात. बुद्धमूर्तीपुढे वंदना घ्यावी, मात्र मेणबत्ती, अगरबत्ती किंवा हार दगडावर ठेवू नये, कारण काजळी आणि तेल दगडातून निघत नाही.

प्रत्येक विद्यार्थ्याच्या वहीत चार रकाने आखून द्यावेत. दात्याचे नाव, गाव, धंदा आणि दान. एका लेखाची नोंद केली तरी पुरे, पण ती लेखापाशी उभे राहून केलेली असावी. परतल्यावर या नोंदींचा एक तक्ता करून संस्थेच्या वाचनालयात लावावा. पहिली ओळ भरूनच ठेवता येईल. नंद, कल्याण, लोहार, पायवाट.