गोळीची भीती आणि गोळीची शिस्त

प्रश्न : आईला रुमॅटॉइड संधिवात आहे. मेथोट्रेक्सेटने प्रतिकारशक्ती संपते, ती गोळी बंद करा, असं नातेवाईक म्हणतात. गुरुकुंज मोझरीच्या पुण्यतिथी महोत्सवातल्या गर्दीत तिला न्यावं का?

उत्तर : गोळी मनानं बंद करू नका. प्रतिकारशक्ती थोडी दबते, संपत नाही. उलट उपचाराविना आजार सांधे कायमचे वाकवतो आणि हृदयविकाराचा धोकाही वाढवतो. खरा घात बहुधा चुकीच्या वापरातून होतो. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली गेली तर तोंड सोलवटतं, पांढऱ्या पेशी घटतात, जीवही जाऊ शकतो. म्हणून वार ठरवून कॅलेंडरवर लिहा. डॉक्टरांनी दिलेलं फॉलिक अ‍ॅसिड चुकवू नका.

‘मग या गोळीनं यकृताला होणाऱ्या त्रासाचं काय?’ हा आक्षेप रास्तच आहे. त्यासाठीच रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या सुरुवातीला दर काही आठवड्यांनी, पुढे साधारण तीन महिन्यांनी करतात. तपासणीसाठी अमरावतीला जायचा खर्च, मजुरी बुडणं, ही अडचण मोठी आहे, पण तपासणी टाळून गोळी चालू ठेवणं सर्वांत धोक्याचं. महोत्सवाला मास्क लावून जरूर न्या. मात्र ताप आला तर पुढचा डोस थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवा. दोन आठवडे खोकला राहिला तर क्षयाची तपासणी करा. कोणतंही प्रतिजैविक घेण्याआधी मेथोट्रेक्सेट चालू असल्याचं सांगा, कारण सेप्ट्रानसारखी गोळी त्याच्यासोबत घातक ठरते. सोबत स्टेरॉइड असेल तर तेही एकदम तोडू नका.