वेशीवरचा पहारेकरी

पूर्वी गावाला वेस असे. रात्री तिचा दरवाजा बंद होई आणि जागल्या आल्यागेल्याची चौकशी करी.

आज मुळशी तालुक्यातील जांबे गावाजवळ, हिंजवडी येथे, संगणकांची मोठी नगरी वसली आहे. एकमेकांशी जोडलेल्या संगणकांच्या समूहास जाळे म्हणतात. या जाळ्याच्या वेशीवर ‘फायरवॉल’ नावाचा पहारेकरी असतो. बाहेरून माहिती लहान लहान पुडक्यांत येते. प्रत्येक पुडके कोठून आले व कोणत्या दाराने आत शिरू पाहते, हे तो ठरलेल्या नियमांशी ताडून पाहतो. नियमात न बसणारे पुडके तो अडवतो.

परंतु वेस राखली म्हणजे गाव राखले, असे नव्हे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या संगणकव्यवस्थेत चोर शिरले. पैसे देण्यास संमती देणाऱ्या खऱ्या यंत्रणेऐवजी त्यांनी खोटी यंत्रणा उभी केली. सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. कुलूप मात्र एकही फुटले नाही!

म्हणून आतल्या दालनांवरही पहारा हवा आणि माणूसही सावध हवा. अनोळखी ईमेलमधील दुवा उघडणारा आतूनच कडी काढून देतो. मग वेशीवरचा पहारेकरी काय करणार?