शब्द छोटा, हिशेब मोठा : ‘नेट’

व्यापारी व कारागीर बांधवांनो, बिलावर, पोत्यावर, डब्यावर ‘नेट’ हा इंग्रजी शब्द आपण रोज वाचतो. आज त्याचा अर्थ व मूळ समजून घेऊ.

लॅटिन भाषेत ‘नितिदुस’ म्हणजे चकचकीत, स्वच्छ. त्यावरून फ्रेंच ‘नेट’ व इटालियन ‘नेत्तो’ हे शब्द झाले. व्यापारात त्याला ‘सर्व वजावट होऊन उरलेले’ असा अर्थ आला. मराठीत आपण ‘निव्वळ’ म्हणतो. गाळ खाली बसून पाणी निवळावे, तसाच हा भाव. मासे धरण्याच्या जाळ्यालाही इंग्रजीत ‘नेट’च म्हणतात, पण त्या शब्दाचे मूळ निराळे आहे.

‘नेट’चा जोडीदार ‘ग्रॉस’. त्याचा मूळ अर्थ जाड, मोठा. हिशेबात तो ‘ढोबळ’. बारा डझन, म्हणजे 144 नगांचा ‘ग्रॉस’ हाही फ्रेंचमधील ‘मोठा डझन’ यावरून आला.

या दोहोंमधील फरक तो ‘टेअर’, म्हणजे आपला बारदाना. हा शब्द अरबी ‘तरह’, म्हणजे टाकून देणे, वजा करणे, यावरून इटालियन व फ्रेंचमार्गे इंग्रजीत गेला.

आता उपयोग पाहू. नेप्ती किंवा घोडेगावच्या बाजारात कांद्याची गोणी 50 किलो 600 ग्रॅम भरली व रिकामी गोणी 600 ग्रॅमची असेल, तर नेट माल 50 किलो. मिठाई, फरसाण, मसाला विकणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. वैधमापन कायदा 2009 व त्याखालील 2011 च्या नियमांनुसार पाकिटावर छापायचे नेट वजन वेष्टन सोडूनच धरावे लागते. खोक्यासह मिठाई तोलणे म्हणजे पुठ्ठा मिठाईच्या भावाने विकणे होय.

नफ्याचेही तसेच. समजा, अहिल्यानगरच्या (पूर्वीचे अहमदनगर) कापड बाजारातील एका दुकानात महिन्याची विक्री 40,000 रुपये व मालाची खरेदी 31,000 रुपये. ग्रॉस नफा 9,000. त्यातून भाडे 2,500, वीज 700, नोकराचा पगार 3,000 व हमाली-वाहतूक 800 असे 7,000 वजा केले, की नेट नफा 2,000 राहतो.

गल्ल्यात 9,000 दिसतात म्हणून तेवढे घरखर्चाला काढले, तर उरलेले 7,000 भांडवलातून जातात. दुकान भरलेले दिसते आणि उधारी वाढत जाते. म्हणून वहीत दोन रकाने आखावेत, ढोबळ आणि निव्वळ. घरी न्यावे ते दुसऱ्या रकान्यातले.