सायकलस्वार सैनिक

इ. स. १८९७ च्या जून महिन्याची १४ तारीख. अमेरिकेतील मोंटाना राज्यातल्या मिझूला येथील लष्करी ठाण्यातून २० कृष्णवर्णीय सैनिक सायकलींवर निघाले. लेफ्टनंट जेम्स मॉस हे त्यांचे नायक होते. डोंगराळ मुलखात घोड्याऐवजी सायकल सैन्याच्या उपयोगी पडेल काय, याची ती कसोटी होती. सेंट लुई शहर सुमारे १,९०० मैल दूर होते.

प्रत्येकाजवळ बंदूक, कांबळे व शिधा यांचा भार होता. पावसाने वाट चिखलात बुडाली. चिखल चाकांना असा चिकटे, की ती फिरेनात. मग सैनिक खाली उतरत, चिखल खरवडून काढीत आणि सायकली ढकलीत पुढे जात. घाटमाथ्यावर त्यांना बर्फ लागले. कोठे वाटच नाहीशी झाली, म्हणजे ते रेल्वेच्या रुळांमधून हादरे खात जात. नेब्रास्कात चाके वाळूत रुतली. क्षारयुक्त पाण्याने माणसे आजारी पडली. तरी पथक थांबले नाही.

४१ व्या दिवशी, २४ जुलैला, ते सेंट लुईस पोहोचले. शहरातील सायकलस्वार त्यांना सामोरे आले.

पुढच्याच वर्षी युद्ध सुरू झाले व हे पथक बरखास्त झाले. त्या काळी त्या देशात कातडीच्या रंगावरून या सैनिकांना कमी लेखले जाई. त्यांच्या पायांनी मात्र त्याला चोख उत्तर दिले होते.