पाठीच्या एका फोटोवरून कोळ्याचे नाव ठरत नाही

पावसाळा सरताना तुंगारेश्वरच्या वाटांवर जायंट वुड स्पायडरची पिवळसर जाळी डोक्यावर ताणलेली दिसतात, आणि वसईच्या पश्चिमेकडच्या वाड्यांत सिग्नेचर स्पायडर नक्षी विणून बसलेले असतात. हल्ली मोबाइलवरही बऱ्यापैकी मॅक्रो मिळतो, त्यामुळे फोटो ढिगाने निघतात. माझा राग फोटोंवर नाही, फोटोखाली ठोकून दिलेल्या नावावर आहे. पाठीचा एक झकास फोटो पाठवायचा, ‘प्रजाती सांगा’ म्हणायचे, आणि ‘जीनसपर्यंत सांगता येईल, पुढे नाही’ असे उत्तर आले की समोरच्याला काही कळत नाही असे ठरवून मोकळे व्हायचे, हे मी पुष्कळ सोसले आहे. मग हीच मंडळी पुस्तकातल्या चित्राशी रंग जुळवून नाव पक्के करतात, ते परिसराच्या यादीत छापतात, आणि दुरुस्ती कळवली तर ‘हुबेहूब तसाच दिसतोय की!’ एवढ्यावर विषय संपवतात. कोळ्यांच्या बाबतीत ‘तसाच दिसणे’ हा पुरावा फार तोकडा आहे, आणि ते मानायला कुणी तयार नाही.

निओस्कोना घ्या. कुंपणावर, दिव्याखाली, कुठेही सापडणारा कोळी. एकाच प्रजातीत तपकिरी, हिरवट, पट्टेवाले असे कितीतरी अवतार असतात, आणि दोन वेगळ्या प्रजातींच्या माद्या वरून सारख्या दिसतात. वुड स्पायडरच्या मादीचे शरीर चार सेंटिमीटरच्या आसपास, नर जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा आणि तांबूस. त्याला लोक सर्रास ‘पिल्लू’ म्हणतात. त्याच जाळ्यात पाऱ्याच्या थेंबासारखे चमकणारे आर्जिरोडस फुकटचे भक्ष्य खात असतात, तेही पिल्लांत जमा होतात. सिग्नेचर स्पायडरचे लहानपणी जाळ्यातले विणकाम बऱ्याचदा गोल चकतीसारखे असते, मोठेपणी फुलीसारखे. नक्षीवरून नाव ठरवणारा तिथेच फसतो. प्रजाती ठरते ती बहुधा प्रौढ मादीच्या पोटाखालच्या जननपट्टिकेवरून आणि प्रौढ नराच्या तोंडाजवळच्या स्पर्शपादांच्या टोकावरून. बी. के. टिकादर यांचे 1987 चे भारतीय कोळ्यांवरचे हँडबुक उघडा, त्यांनी याच अवयवांची रेखाटने का दिली आहेत ते कळेल. 2021 मध्ये ठाणे परिसरातला एक उड्या मारणारा कोळी विज्ञानाला नवा म्हणून जाहीर झाला आणि हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ त्याला ‘आयसियस तुकारामी’ हे नाव मिळाले. तेही सुंदर फोटोच्या जोरावर नव्हे, सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीतून.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की मग हौशी माणसाने फोटो काढायचेच कशाला? काढायचे, पण कामाचे काढायचे. जीनस किंवा कूळ ठरवायला डोळ्यांची मांडणी लागते, म्हणून समोरून एक फोटो हवाच. उड्या मारणाऱ्याचे पुढचे दोन डोळे मोठे; लिंक्सचे डोळे षटकोनात आणि पायांवर उभे काटे. घराच्या भिंतीवरच्या हंट्समनला टॅरंटुला समजून झाडूने मारतात. त्याचे डोळे दोन ओळींत असतात, एवढे पाहिले तरी जीव वाचेल. गोल जाळ्यातल्या कोळ्याचे पोट टिपायला त्याला हात लावावा लागत नाही, जाळ्याच्या मागच्या बाजूने जा. फ्लॅश थेट मारला की चकचकीत पाठीवर पांढरा डाग उठतो आणि खुणा पुसल्या जातात. पुढे दुधी प्लास्टिक धरा. ज्या पानावर कोळी होता त्याची रुंदी तो निघून गेल्यावर पट्टीने मोजा. तारीख, जागा, झाड लिहून ठेवा. जाळे उठून दिसावे म्हणून पीठ भुरभुरवणारे आणि पाणी फवारणारे लोक दिसले की माझे डोके फिरते: त्या प्राण्याची त्या रात्रीची शिकार बुडते, आणि ओळखीला त्याचा काडीचा उपयोग नसतो.

दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे: पिल्लावरून ओळख होत नसेल तर ते घरी वाढवून प्रौढ करावे. मुद्दा बरोबर आहे, शेवटची कात टाकल्यावरच ते अवयव पूर्ण तयार होतात. पण तुंगारेश्वर 2003 पासून अभयारण्य आहे. तिथून वनविभागाच्या परवानगीशिवाय काहीही उचलणे गुन्हा आहे, ‘एक कोळीच तर आहे’ हे उत्तर चालत नाही. आपल्या कुंपणावरचा कोळी असेल तर प्रत्येकाला वेगळी डबी, हवेला भोके, ओल्या कापसाचा बोळा, आणि कात टाकायच्या सुमारास अजिबात हलवाहलव नाही. टाकलेली कात फेकू नका, तारीख लिहून ठेवा. डबीतला फोटो रानातला म्हणून खपवणे ही तर शुद्ध फसवणूक आहे, कारण त्यातून झाड, उंची, जाळ्याची ठेवण असे सगळे गायब झालेले असते. तेव्हा फोटोखाली ‘घरी वाढवलेला’ असे स्पष्ट लिहा, आणि काम झाल्यावर तो त्याच झुडपावर सोडा. जंगल चांगले म्हणून तुंगारेश्वरला नेऊन सोडलात, तर पुढे तिथे त्याचा फोटो काढणाऱ्याच्या नोंदीत तो तिथलाच म्हणून लागेल.