संकेतांकाची किल्ली

डिसेंबर २०१५ च्या आरंभी अड्यार नदीचे पाणी चेन्नईच्या अनेक वस्त्यांत शिरले, वीज गेली व भ्रमणध्वनीची सेवाही ठिकठिकाणी बंद पडली. अशा प्रसंगी संदेशाने येणारा संकेतांक हाती पडण्याची शाश्वती नसते. फोनमध्येच संकेतांक तयार करणारे ॲप मात्र बॅटरी संपेपर्यंत चालू राहते. ते कसे, हे ध्यानात आले म्हणजे नव्या फोनमध्ये नेमके काय न्यावयाचे तेही उमगते.

दुहेरी पडताळणी सुरू करताना पडद्यावर जो क्यूआर कोड दिसतो, त्यात एक गुप्त किल्ली असते. हीच किल्ली सेवा देणाऱ्या संस्थेच्या संगणकातही असते. ही किल्ली आणि १ जानेवारी १९७० पासून लोटलेल्या तीस-तीस सेकंदांच्या अवधींची संख्या यांवर फोन ठरावीक गणित करतो व त्यातून बहुधा सहा अंकांचा संकेतांक काढतो. संस्थेचा संगणकही तेच गणित करतो. या पद्धतीचा आराखडा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. गणितास दूरध्वनीचे जाळे लागत नाही, घड्याळ मात्र अचूक लागते.

तेव्हा हलवावयाची असते ती किल्ली. सिमकार्ड बदलल्याने ती येत नाही, कारण ती सिममध्ये नसतेच. रिची स्ट्रीटवर जुना फोन देऊन नवा घेणाऱ्या ग्राहकाने जुना फोन पुसण्यापूर्वी एकेका खात्यात नव्या फोनवरील संकेतांकाने प्रवेश करून पाहावा. येथील घाई फार महागात पडते. गूगल ऑथेंटिकेटरमध्ये जुन्या फोनवर स्थलांतराचा क्यूआर कोड काढून तो नव्या फोनने टिपता येतो. त्या कोडात साऱ्या किल्ल्या असल्याने त्याचे छायाचित्र ठेवू नये. याच ॲपमध्ये २०२३ पासून किल्ल्या गूगल खात्यात साठवण्याचीही सोय आहे. पण त्या खात्याचा प्रवेशच त्यातील संकेतांकावर अवलंबून असेल, तर पेटीची किल्ली पेटीतच राहिली असे होते. चेन्नईत मुख्यालय असलेल्या झोहो कंपनीच्या वनऑथ ॲपमध्ये साठवण सांकेतिक वाक्याने कुलूपबंद होते. ते वाक्य विसरल्यास ती साठवण निरुपयोगी ठरते.

फोनच पाण्यात गेला व साठवणही नसली, तर आधार उरतो तो अनेक संस्था प्रारंभी देतात त्या एकवार वापरावयाच्या राखीव संकेतांकांचा. ते कागदावर उतरवून त्याची एक प्रत दुसऱ्या घरी, विश्वासू आप्ताकडे ठेवावी. फोन चोरीस गेला असल्यास राखीव संकेतांकाने आत शिरताच जुनी जोडणी रद्द करून नवी किल्ली घ्यावी, म्हणजे चोराच्या हातातील फोनवर अंक दिसत राहिले तरी त्या खात्याचे दार त्यांनी उघडत नाही.